डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांवर सवलत नेमकी कधी येते, आणि का?

खडीसाखर (धागाकर्ती) | ८ फेब्रुवारी, रात्री

मंडळी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा, शिवाय सासू-सासरे. म्हणजे दोन खोल्या आल्याच. मुक्काम डिस्नेच्याच हॉटेलात करायचा हे मुलांनी परस्पर ठरवून टाकलंय.

काल रात्री कॅरिबियन बीच या त्यांच्या हॉटेलाचे दर उघडून बसले होते. खोली तीच, खिडकी तीच, पलंग तेच दोन. पण सप्टेंबरातल्या मंगळवारी एक दर, नोव्हेंबरातल्या गुरुवारी त्याच्या जवळजवळ दीडपट, आणि ख्रिसमसच्या आठवड्यातला आकडा पाहिल्यावर मी लॅपटॉपच मिटला. मैत्रीण गेल्या सप्टेंबरात जाऊन आली, तिला घसघशीत सवलत मिळाली होती. ती म्हणते, "थांब गं, येईल ऑफर." पण किती थांबू? आणि नाहीच आली तर?

तिथे तर म्हणे बारा महिने गर्दी असते. मग हे लोक सवलत देतात तरी कशाला? कारण कळलं तर वेळेचा अंदाज बांधता येईल असं वाटतं, म्हणून हा धागा. दिवसा ऑफिसात असते, उत्तरं रात्री वाचेन.

आडवाटेचा | ८ फेब्रुवारी

शेवटच्या आठवड्यात बुक करा. रिकाम्या खोल्या मातीमोल भावात काढतात. मी कायम असंच करतो.

दुपारची_झोप | ९ फेब्रुवारी

रुमाल टाकून ठेवते.

पानगळ | ९ फेब्रुवारी

@आडवाटेचा, हायवेवरच्या मोटेलात एकट्या माणसाला ते जमतं. सहा जण, दोन खोल्या, त्यात दोन ज्येष्ठ नागरिक, आणि विमानाची तिकिटं आधीच काढलेली, असं असताना शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायला काळीज दगडाचं लागतं.

@खडीसाखर, नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे तुम्ही न्यूजर्सीकर की काय? तसं असेल तर तारखांची भानगडच वेगळी आहे. रात्री सविस्तर लिहिते.

रात्रपाळी | ९ फेब्रुवारी, रात्री उशिरा

आधीच सांगतो, मी डिस्नेत कधी काम केलेलं नाही. पण अकरा वर्षं एका मोठ्या हॉटेलात होतो. आधी रिसेप्शनला रात्रपाळी (आयडी तिथूनच आलाय), नंतर दर ठरवणाऱ्या विभागात. त्यामुळे "का" या प्रश्नावर थोडं बोलू शकतो.

हॉटेलची खोली हा सगळ्यात नाशवंत माल. कोथिंबिरीची जुडी संध्याकाळी सुकली तरी निम्म्या भावात खपते. आमची मंगळवारची रात्र बुधवारी सकाळी कुठल्याच भावाला खपत नाही. आणि खोली रिकामी राहिली म्हणून बाकीचा खर्च थांबत नाही. इमारत, कर्ज, माळी, रिसेप्शनवरचा माणूस, सगळे तिथेच असतात. त्यामुळे चादरी, साबण, सफाई आणि वीज एवढ्याच्या वर जे मिळेल ते कमाईच.

मग आडवाटेचा म्हणतात तसं शेवटच्या दिवशी पडेल त्या भावात का काढत नाहीत? कारण गिऱ्हाईक शिकतं! एकदा कळलं की आदल्या दिवशी स्वस्त मिळतं, की पुढच्या वर्षी सगळेच आदल्या दिवसापर्यंत थांबतात. जो माणूस सहा महिने आधी पूर्ण भाव द्यायला तयार होता, तोही थांबतो. हॉटेलला रिकाम्या खोलीपेक्षा भीती वाटते ती या माणसाला गमावण्याची.

ही विद्या मुळात विमानवाल्यांची. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि पीपल एक्सप्रेससारख्या कंपन्यांनी नेवार्कहून स्वस्तात उड्डाणं सुरू केली. सरसकट भाडं उतरवलं असतं तर अमेरिकन एअरलाइन्सचं दिवाळं निघालं असतं. तेव्हा रॉबर्ट क्रँडल तिथे सर्वेसर्वा होते. त्यांनी १९८५ मध्ये मोजक्याच सीटा स्वस्त केल्या आणि त्यांना आगाऊ खरेदीसारख्या अटी लावल्या. घाईत असलेला धंदेवाईक प्रवासी अटींमुळे आपोआप बाहेर राहिला आणि पूर्ण भाडं देत राहिला. पीपल एक्सप्रेस दोन वर्षांत संपली. पुढे मॅरियटने हीच पद्धत हॉटेलात आणली, आणि आता तर सगळेच तसं करतात.

या अटींना आमच्यात "फेन्स" म्हणतात, म्हणजे कुंपण. डिस्नेच्या ऑफर या नजरेने वाचा. एक फ्लोरिडातल्या रहिवाशांना, एक वार्षिक पासवाल्यांना, एक डिस्ने प्लसच्या वर्गणीदारांना, एक सर्वांसाठी पण अमुक इतक्या रात्री राहिलात तरच. शिवाय काहींना ईमेलवर किंवा टपालाने सवलतीचा खास कोड येतो, ज्याला पिन कोड म्हणतात आणि जो दुसऱ्याला वापरता येत नाही. प्रत्येक कुंपणाचा हेतू एकच. जो एरवी आला नसता त्याला आत घ्यायचं, आणि जो येणारच होता त्याच्या कानावर शक्यतो जाऊ द्यायचं नाही. खडीसाखर, राग मानू नका, पण शाळेच्या सुट्टीत, मुलांनी आधीच ठरवलेलं, सहा जणांचं कुटुंब म्हणजे "येणारच होते" या यादीत पहिल्या ओळीत.

आता गर्दीचं. पार्कातली गर्दी आणि हॉटेलातली गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवारी एपकॉट या डिस्नेच्या पार्कातल्या खाद्यमहोत्सवात पाय ठेवायला जागा नसते, पण त्यातले कितीतरी जण ऑरलँडोचेच, रात्री आपल्या घरी झोपतात. २०१९च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या अमेरिकेतल्या हॉटेलांचा भरणा ९० टक्क्यांच्या आसपास होता. धंद्याच्या हिशेबाने हा फार भारी आकडा. पण उरलेली ती दहातली एक खोली वर्षभर सारखी वाटलेली नसते. ख्रिसमसला एकही रिकामी नाही आणि सप्टेंबरच्या मंगळवारी कितीतरी. सवलत त्या मंगळवारासाठी असते.

शेवटचा मुद्दा, आणि हा साध्या हॉटेलाला लागू नाही. डिस्नेसाठी खोली म्हणजे दार आहे. त्या दारातून आत आलेलं कुटुंब तिकिटं काढतं, तिन्ही त्रिकाळ तिथेच जेवतं, पोराला उजेड पाडणारी तलवार घेऊन देतं. खोली रिकामी राहिली की हे सगळं बुडतं. म्हणून ते सवलत द्यायला साध्या हॉटेलापेक्षा जास्त राजी असतात, पण खोलीवर. पार्कच्या तिकिटावर तशी मोठी सूट क्वचितच दिसेल.

बरंच लांबलं. चुभूदेघे.

दुपारची_झोप | १० फेब्रुवारी

रात्रपाळी, मस्त प्रतिसाद. "कानावर जाऊ द्यायचं नाही" हे वाचून लख्ख प्रकाश पडला. माझ्या नणंदेला दरवेळी पिन कोड येतो आणि मला कधीच नाही. ती जायचं-जायचं म्हणते आणि जात नाही. मी दर दोन वर्षांनी निमूट जाते!

खडीसाखर | १० फेब्रुवारी, रात्री

रात्रपाळी, मनापासून धन्यवाद. राग कसला, खरंच आहे ते.

एक शंका. ऑफरच्या जुन्या पानांवर पाहिलं, तर महागड्या हॉटेलांवर टक्का जास्त दिसतो आणि ऑल-स्टारसारख्या स्वस्तातल्यांवर कमी. मला उलट वाटलं होतं. ज्याला परवडत नाही त्याला जास्त सूट मिळायला हवी ना?

रात्रपाळी | ११ फेब्रुवारी

परवडण्याचा इथे संबंध नाही, हवेचा आहे. ग्रँड फ्लोरिडियन या महागड्या हॉटेलाच्या दरात हवा, म्हणजे खर्चावरची कमाई, भरपूर. खोली साफ करायला ऑल-स्टारपेक्षा थोडा जास्त खर्च येत असेल, पण दर कितीतरी पट. त्यातून तीस टक्के काढले तरी खाली बरंच उरतं. ऑल-स्टारच्या दरात काढण्यासारखं मुळात कमी असतं.

दुसरं म्हणजे स्वस्त हॉटेलं आपोआप भरतात. ऑल-स्टारला चिअरलीडिंगच्या, खेळांच्या स्पर्धांना येणारे शाळकरी संघ मोठ्या गटाने उतरतात. उलट कोरोनाडो स्प्रिंग्ज, कंटेम्पररी, यॉट क्लब यांना जोडून परिषदांची सभागृहं आहेत. तिथे एखाद्या कंपनीचं अधिवेशन असेल तर भर सप्टेंबरातही सवलत गायब, आणि अधिवेशन नसेल तर खोल्याच खोल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काही ताळतंत्रच नाही. आत बसणाऱ्याच्या स्क्रीनवर मात्र गटांचं बुकिंग दिसत असतं.

पानगळ | ११ फेब्रुवारी, रात्री

सविस्तर लिहिते म्हटलं होतं, दोन दिवस उशीर झाला. लेकाला ताप होता.

मी गेली बारा-तेरा वर्षं या ऑफरींवर लक्ष ठेवून आहे. नवरा त्याला व्यसन म्हणतो. तर वर्ष कसं दिसतं ते सांगते.

डिस्नेच्या मॅरेथॉनचा वीकेंड जानेवारीच्या सुरुवातीला असतो. तो उलटला की फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेपर्यंत जरा मोकळीक. मग वसंतातल्या सुट्ट्या आणि ईस्टर, तेव्हा नाव काढू नका. उन्हाळा पूर्वी महाग असायचा, आता तितकासा नाही. उकाडा आणि रोज दुपारी ठरल्यासारखा कोसळणारा पाऊस लोकांना नको झालाय. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लोरिडातल्या शाळा सुरू होतात, सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डे झाला की ईशान्येकडच्याही. तिथून सप्टेंबरअखेरपर्यंत वर्षातला सगळ्यात सुस्त काळ. त्यातच वादळांचा हंगाम भरात. तुमची मैत्रीण याच फटीत जाऊन आली. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग महाग, मग डिसेंबरचे पहिले एक-दोन आठवडे त्यातल्या त्यात बरे, आणि ख्रिसमस ते नववर्ष म्हणजे कळस. त्या आठवड्याला ऑफर आलेली मी पाहिलेली नाही.

एक गंमत बघा. सुस्त काळ दिसला की ते आधी सवलत देत नाहीत, आधी कार्यक्रम भरतात. खाद्यमहोत्सव आणि हॅलोवीनची वेगळ्या तिकिटाची संध्याकाळ, दोन्ही १९९०च्या दशकात सुरू झाले, दोन्ही शरद ऋतूतले. त्यातूनही जे भरत नाही त्याच्यासाठी सवलत. त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या वर्षांत जो ऑक्टोबर स्वस्त होता, तो आता राहिलेला नाही.

आता तुमचा नोव्हेंबर. न्यूजर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला गुरुवार-शुक्रवारी शिक्षकांचं अधिवेशन असतं आणि शाळा बंद. निवडणुकीचा मंगळवारही बऱ्याच ठिकाणी सुट्टीचा. अख्खं राज्य ऑरलँडोला लोटतं. डिस्नेवाल्या मंडळींत त्याला "जर्सी वीक" असंच नाव पडलंय. रांगेत उभं राहिलं की दर चौथा माणूस न्यूजर्सीतल्या एडिसनचा. त्याच सुमारास डिस्नेची वाइन अँड डाइन नावाची अर्धमॅरेथॉनही असते. म्हणजे बाकीच्या देशासाठी जो साधा आठवडा, तो तुमच्यासाठी सुट्टीचा, आणि दर ठरवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. एकच आठवडा पुढे जाऊन बघा, फरक दिसेल. पण मग शाळा बुडते.

ऑफर जाहीर कधी होते? ढोबळमानाने, जानेवारी ते वसंत यासाठीची आदल्या शरदात, उन्हाळ्याची हिवाळ्याच्या अखेरीस, आणि शरदाची वसंतात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे दोन ते पाच महिने आधी. याचं कारण रात्रपाळींनी सांगितलंच आहे. त्या वेळेपर्यंत पूर्ण भाव देणारे येऊन गेलेले असतात आणि किती खोल्या उरणार हे दिसायला लागतं.

तोवर तुम्ही काय करायचं? थांबायचं नाही. आजच पूर्ण भावात बुक करायचं.

होय, बरोबर वाचलंत. नुसती खोली घेतली (तिकिटांचं पॅकेज न करता) तर सुरुवातीला एका रात्रीचे पैसे भरावे लागतात, आणि पोहोचायच्या पाच दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ते परत मिळतात. ऑनलाइन रद्द करणार असाल तर सहा दिवस धरा. पॅकेज घेतलं तर अनामत दोनशे डॉलर, आणि तीस दिवस आधीपर्यंत मोकळीक. ऑफर आली की त्याच बुकिंगवर ती लावून मागायची. आपोआप लागत नाही! आणि सवलतीतल्या खोल्या मोजक्या असतात, त्यामुळे जाहीर झाल्या दिवशी सकाळीच. ट्रॅव्हल एजंटकडून बुक केलंत तर हे काम तो करतो, त्याचं कमिशन डिस्ने देतं, आपल्याला जादा पडत नाही.

अवांतर: तुमच्या तारखांना ऑफर येईल का याचा एक घरगुती अंदाज. तीन-चार महिने आधी साइट उघडून बघायची. साध्या दृश्याच्या, नेहमीच्या खोल्या मुबलक दिसत असतील तर आशा आहे. फक्त पाण्याकाठच्या महागड्या खोल्या उरल्या असतील तर आशा सोडायची.

आडवाटेचा | १२ फेब्रुवारी

माझं शेवटच्या आठवड्याचं शास्त्र इथे चालत नाही हे मान्य. मी मोटेलातच राहतो.

जुनी_वही | १२ फेब्रुवारी

जुन्या काळातली एक आठवण, विषयाला धरूनच आहे.

२००१च्या ११ सप्टेंबरनंतर लोक विमानात बसेनात. ऑरलँडोचा कणाच विमानप्रवास. तेव्हा डिस्नेचं पॉप सेंच्युरी हे अवाढव्य स्वस्त हॉटेल जवळपास तयार होतं. पण उघडलं नाही. दर पाडून भरण्यापेक्षा त्यांनी कुलूप लावणं पसंत केलं. डिसेंबर २००३ मध्ये उघडलं, तेही अर्धंच, २,८८० खोल्यांचं. तळ्यापलीकडचा दुसरा अर्धा भाग रंग न दिलेल्या सांगाड्यांसारखा कित्येक वर्षं तसाच उभा. आम्ही बसमधून बघायचो. शेवटी २०१२ मध्ये त्याचं आर्ट ऑफ अॅनिमेशन झालं, आणि त्यात सहा जणांना पुरतील असे, दोन न्हाणीघरांचे फॅमिली स्वीट काढले. खडीसाखर, तुम्ही सहा जण आहात, दोन खोल्यांऐवजी हा पर्याय बघितलात का?

तर सांगायचं हे की रिकाम्या खोलीवर सवलत हा एकच उपाय नसतो. खोलीच बाजारातून काढून घेणं हाही उपाय असतो. "मंदी आहे, आता स्वस्त होईल" असं म्हणून मी २००२ मध्ये थांबलो होतो. ऑफर होत्या, पण मी वाट बघत होतो तसं काही कोसळलं नाही.

टपोरे_मोती | १३ फेब्रुवारी

"फुकट जेवण" या ऑफरबद्दल कुणीच बोललं नाही? २००५ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हापासून तिचे भक्त आहेत. मध्यंतरी २०२० मध्ये जेवणाची योजनाच (जेवणाचे पैसे आगाऊ भरून ठेवायची) बंद पडली, ९ जानेवारी २०२४ ला परत आली. तेव्हा क्विक सर्व्हिसचा (काउंटरवरून घेऊन खायच्या जेवणाचा) भाव मोठ्या माणसाला रात्रीला ५७ डॉलर, नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाला २४च्या आत. लक्षात घ्या, दहावं लागलं की डिस्नेच्या हिशेबी मूल मोठं. तुमची लेक मोठ्यांत.

यात मेख अशी की जेवण फुकट हवं असेल तर खोली पूर्ण भावात घ्यावी लागते, वर तिकिटंही. मी एकदा वहीत मांडलं होतं. दोन मोठे, एक लहान, पाच रात्री. समजा खोली ३५० डॉलर. पाच रात्रींचे १,७५०, त्यावर ३० टक्के सूट म्हणजे ५२५ वाचले. जेवणाच्या योजनेची किंमत दोघांची ५७०, मुलाचे साधारण १२०, एकूण ६९०. बघता क्षणी जेवण जिंकतं.

पण आम्ही शाकाहारी. सकाळी खोलीवर सीरिअल, दुपारी एक बोल तिघांत पुरून उरतो, संध्याकाळी पिझ्झा. दिवसाला ८० डॉलरच्या वर आमच्याच्याने खर्च होत नाही. पाच दिवसांचे ४००. म्हणजे ६९०ची वस्तू फुकट मिळवण्यासाठी मी ५२५ सोडले आणि वापरली ४००ची. शिवाय शेवटच्या दिवशी योजनेतले उरलेले पॉइंट संपवायला बिस्किटांची पाकिटं गोळा करत फिरलो ते वेगळंच. ज्यांना रात्री बसून स्टेक खायचाय त्यांनी जरूर घ्यावं.

दुपारची_झोप | १३ फेब्रुवारी

बिस्किटांची पाकिटं… आमच्या फडताळात अजून आहेत.

एक विचारते. एवढी उठाठेव करण्यापेक्षा बाहेरचं हॉटेल निम्म्यात मिळतं ना?

पानगळ | १४ फेब्रुवारी

मिळतं, आणि कित्येकांसाठी तेच बरोबर. फक्त बेरीज पूर्ण करा. मी एकदा पार्कपासून दहा मिनिटांवरच्या एका हॉटेलात उतरले होते (नाव नको). दर बघून खूश. निघताना बिलावर रोजची रिसॉर्ट फी, रोजचं पार्किंग, या दोन्हीवर कर. शिवाय डिस्नेच्या पार्कबाहेर गाडी लावायचे रोज वेगळे पैसे. डिस्नेच्या हॉटेलात रिसॉर्ट फी नाही. रात्रीच्या पार्किंगचे पैसे त्यांनी २०१८ मध्ये लावले होते, ते २०२३ च्या जानेवारीत काढले. पार्कचं पार्किंगही हॉटेलातल्या पाहुण्यांना माफ. सकाळी अर्धा तास आधी प्रवेश. उलट विमानतळावरून फुकट बस असायची, ती २०२२ पासून नाही, तो खर्च धरा.

आणि कर विसरू नका. स्क्रीनवरच्या दरावर साडेबारा टक्के लागतात. ऑल-स्टार हॉटेलं पलीकडच्या ऑसिओला काउंटीत आहेत, तिथे साडेतेरा.

मधला मार्ग म्हणजे स्वान आणि डॉल्फिन. डिस्नेच्या जागेत, पण कारभार मॅरियटचा. मॅरियटचे पॉइंट साठले असतील तर बघा.

आजीचा_नातू | १४ फेब्रुवारी

डीव्हीसीचे पॉइंट भाड्याने घेण्याबद्दल लिहितो. डिस्ने व्हेकेशन क्लब, १९९१ पासूनची सभासद योजना. सभासदाला दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात, आपल्या हॉटेलात अकरा महिने आधी आणि बाकीच्यांत सात महिने आधी बुक करता येतं. ज्याला जायचं नाही तो पॉइंट भाड्याने देतो. महागड्या हॉटेलात मध्यम हॉटेलाच्या भावात राहता येतं, आणि यात ऑफरची वाट बघायला नको.

तोटा एकच पण जबरी. पैसे बहुतेकदा परत नाहीत. आम्ही पॉलिनेशियन या डिस्नेच्या हॉटेलात पाच रात्री घेतल्या होत्या आणि निघायच्या चार दिवस आधी धाकटीला कांजिण्या. दलालाला फोन केला, तो अतिशय गोड आवाजात म्हणाला की करारात लिहिलंय. लिहिलं होतंच. खोली आमच्या नावावर पाच रात्री रिकामी राहिली. रात्रपाळी म्हणतात तो नाशवंत माल त्या वेळी माझा होता.

तुम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन जाताय, मी तरी रद्द करता येणारंच घेईन.

रात्रपाळी | १५ फेब्रुवारी

आजीचा_नातू, हेही कुंपणच बघा. परत न मिळण्याची जोखीम तुम्ही घेतली, म्हणून दर कमी.

वादळांबद्दल कुणीतरी विचारेलच म्हणून. राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने ऑरलँडो भागासाठी किंवा तुमच्या राहत्या ठिकाणासाठी, तुम्ही पोहोचायच्या सात दिवसांच्या आत चक्रीवादळाचा इशारा दिला, तर डिस्ने आपलं रद्द-शुल्क लावत नाही. सप्टेंबरच्या सवलतीत ही भीतीही मोजलेली असते. २०२२ मध्ये इयान आलं तेव्हा २८ आणि २९ सप्टेंबरला पार्क बंद होते, २०२४ मध्ये मिल्टनमुळे १० ऑक्टोबरला. म्हणजे स्वस्त दिवसांचा भाव अगदीच उगाच पडलेला नाही.

दुपारची_झोप | १५ फेब्रुवारी

आणि युनिव्हर्सल या प्रतिस्पर्ध्याचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क उघडल्यावर डिस्नेने घाबरून दर पाडले म्हणतात, ते खरं का?

पानगळ | १५ फेब्रुवारी

ते २२ मे २०२५ ला उघडलं. त्या सुमारास डिस्नेच्या ऑफर होत्या, पण उन्हाळ्यात त्या आधीही असायच्या. त्यामुळे कुणाला घाबरून आल्या हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. युनिव्हर्सलची तऱ्हा वेगळी आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहिलं की जुन्या दोन पार्कांचा एक्स्प्रेस पास (लांब रांग टाळायचा) खोलीबरोबर येतो. तो वेगळा घेतला तर गर्दीच्या दिवशी खोलीइतकाच महाग पडतो. चौघांचं कुटुंब असेल तर तिथे सवलत शोधण्याआधी ही वजाबाकी करावी.

खडीसाखर | १६ फेब्रुवारी, रात्री

सगळ्यांचे आभार. फॅमिली स्वीट पाहिला. सासरे म्हणाले, "भिंतीवर मासे काढलेल्या खोलीत मला झोप येणार नाही." विषय संपला. कॅरिबियन बीचच्या दोन खोल्या, पूर्ण भावात, नुसती खोली या प्रकारात घेतल्या. तारखा हलल्या नाहीत, कारण शाळा. ऑफर आली की इथेच कळवते.

खडीसाखर | १७ जून, सकाळी

मंडळी, आली! शरदाची ऑफर आज जाहीर झाली. पहाटेपासून बसले होते. पाच रात्रींपैकी पाचही मिळाल्या, पण एकाच खोलीवर. दुसरी खोली त्या प्रकारात सवलतीत शिल्लकच नाही. म्हणजे सासू-सासरे चोवीस टक्के कमी भावात आणि आम्ही शेजारी पूर्ण भावात. खोली तीच, पलंग तेच!

रात्रपाळी | १७ जून

जर्सी वीकला एक तरी मिळाली, हेच मला नवल वाटतंय. कुणीतरी हिशेबात चुकलं असावं.

पानगळ | १७ जून

अभिनंदन. दुसरीचा नाद सोडू नका. सवलतीतल्या खोल्या कुणी रद्द केल्या की परत दिसायला लागतात, विशेषतः पॅकेजवाल्यांची तीस दिवसांची मुदत जवळ आली की. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी एकदा बघा. खोलीचा प्रकार थोडा वेगळा चालत असेल तर जास्त संधी.

खडीसाखर | ४ ऑक्टोबर

मिळाली! आज सकाळी चहा ठेवला आणि बघितलं तर एक खोली उघडली होती. प्रकार मात्र वेगळा, त्यामुळे दोन्ही खोल्या शेजारी-शेजारी मिळतीलच असं नाही, कदाचित तळ्याच्या दोन टोकांना. सासूबाईंना जरा भीतभीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरंच झालं. हे किती घोरतात ते मुलांना कळायला नको."